मागच्या अंगणातला पालक

४ मार्च

ती. मावशी,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच दोन कागद वाया गेले. तुमची लेक गेली आणि तिच्या घरात मी आले. तुम्हाला ‘आई’ म्हणायचा धीर होत नाही, आणि नुसतं ‘बाई’ म्हटलं तर दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून मावशी. पटत नसेल तर खोडून टाका.

आम्ही नव्या घरात आलो. तीन खोल्या, ओळीतलं शेवटचं घर, आणि मागे अंगण. अंगण म्हणजे काय, उजाड तुकडा. मालक म्हणाला, आधी इथे कसलंसं छोटं वर्कशॉप होतं, ते बंद पडलं, मग वर माती टाकून त्याने ही घरं बांधली. गवतसुद्धा धड उगवत नाही. पण मावशी, अठरा वर्षं मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पानं शिवली, खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत बघत. चाळिशीला येऊन लग्न झालं आणि सोबत जमीनही मिळाली, म्हणून पहिल्या दिवशी चप्पल काढून उगाच तिच्यावरून चालून आले. हे हसले. डेपोत दिवसभर बसखाली पडून काम करणारा माणूस, त्यांना मातीचं काय कौतुक!

घर लावायचं चाललंय. जुन्या चादरींचे पडदे केले. खोक्यांची मांडणी केली, वर कागद चिकटवले. अंगणात भाजी लावायचा विचार आहे, म्हणजे बाजाराची पायपीट वाचेल. यातलं तुम्हाला कळतं असं हे म्हणाले.

गुंडी बरी आहे. साडेचार वर्षांचं पोर, पण नजर वकिलाची. मला ‘काकू’ म्हणते, मी काही बोलत नाही. तिला काय आवडतं, काय लागतं, ते लिहाल का? तिच्या बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘सगळं खाते.’ आणि ती तर काहीच खात नाही.

तुमची
(काय लिहू? नुसतीच) तुमची


१५ मार्च

बाई,

पत्र मिळालं. मावशी म्हणा, काकू म्हणा, मला त्याने फरक पडत नाही. माझी लेक जाऊन दीड वर्ष झालं. जावयाने पुन्हा लग्न केलं याचा राग नाही, पोरीला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. पण आनंद झाला असंही खोटं लिहिणार नाही.

गुंडीचं सांगते. दूध कढत पीत नाही, कोमट लागतं. केस विंचरताना गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पळते. झोपताना माझ्या ब्लाउजची गुंडी धरून झोपायची, म्हणून तर शिंपीणबाईच्या नातीचं हे नाव पडलं. माती खाते. तिची आईही खायची. त्याचा बाऊ करू नका, मोठी झाली की सुटेल.

अंगणाचं म्हणाल तर, मी सगळा जन्म एका खोलीत काढला आणि तेलाच्या डब्यांत कोथिंबीर लावली. तुम्हाला जमीन मिळालीय तर ती वाया घालवू नका. वरवर खरवडून काही होणार नाही. हातभर खोल खणा, खालची माती वर येऊ द्या, उन्हं लागू द्या. भाज्या धुतलेलं पाणी ओता. अंड्यांची टरफलं कुटून घाला, चुलीची राख घाला. पालक भरपूर लावा. पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, तिला रोज द्या.

पत्र लिहिलंत ते बरं केलंत.

गुंडीची आजी


२ जून

ती. मावशी,

तुमच्या सल्ल्याने हातभर खणलं. हाताला फोड आले, पण अंगण आता बघण्यासारखं झालंय! दोन वाफे पालक, एक मुळा, कडेने टोमॅटो, आणि मोड आलेले बटाटे पुरले होते तेही वर आले. एक दाणा विकत आणला नाही. टोमॅटोचं बी पाव किलो सडक्या टोमॅटोतून काढून कागदावर वाळवलं.

आणि गंमत ऐका. खणताना खाली जाड काळ्या प्लास्टिकच्या चौकोनी पेट्याच पेट्या निघाल्या. काही फुटक्या, काही धड, आत कप्पे. एकवीस पेट्या! घासून धुतल्या, भोकं पाडली, प्रत्येक कप्प्यात एकेक रोप. ह्यांनी बघितल्या आणि म्हणाले, ‘फेकून दे त्या.’

मी म्हटलं, ‘फुकटच्या कुंड्या फेकू? का?’

‘असंच. घाणेरड्या आहेत.’

‘धुतल्यात मी.’

मग आत निघून गेले. तुमचे जावई तीन वाक्यांच्या पुढे बोलत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच असेल.

मातीत राखाडी रंगाचे जड तुकडेही सापडतात. गुंडीने ते गोळा करून भातुकली मांडलीय. माझ्या मागे दिवसभर अंगणात असते. मी निंदते, ती खड्डे खणते. हातपाय, तोंड, सगळं मातीचं. परवा मला वाफ्यापाशी ओढत घेऊन गेली आणि म्हणाली, ‘काकू, हा माझा पालक आणि हा तुझा पालक.’ मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

शेजारी पोस्टमनची बायको राहते, तिला मी पोस्टमनीण म्हणते. सहा वर्षांनी तिला दिवस राहिलेत. तिच्याकडे दर दोन दिवसांनी पालकाची जुडी देते. ती मला रद्दी देते, तिचे मी कागदी लिफाफे करते. असं आमचं चालतं.

एवढंच की गुंडीचं पोट दुखतं मधूनमधून. आणि चिडचिड करते. जंत असतील का?

तुमची


२० जून

बाई,

जंताचं औषध द्या आणि पालक चालू ठेवा. पोट साफ होत नसेल, पालकाने होईल. रस काढून द्या, चावायचा कंटाळा करते ती.

एक विचारायचं होतं. तुमच्या गल्लीकडचे एकजण माझ्याकडे पॅन्ट आखूड करायला आले होते. त्यांनी तिकडे गुंडीला बघितलं होतं. म्हणाले, ‘आजी, तुमची नात फार वाळलीय हो.’ माझी सुई बोटात गेली.

खरं सांगा, पोटभर जेवायला घालता ना? कमी पडत असेल तर लाजू नका, मी पाठवीन काहीतरी. पण पोरीच्या जेवणात काटकसर नको.

तिला फ्रॉक शिवायचाय. मापं पाठवा. छाती, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, बाही, मनगट. दोऱ्याने नको, टेपने घ्या.

गुंडीची आजी


९ जुलै

ती. मावशी,

मापं: छाती बावीस. खांदा ते गुडघा चोवीस. बाही सहा. मनगट पावणेचार.

तुमचं पत्र वाचून मी रडले, हे आधी लिहिणार नव्हते. जेवण काटकसरीचं असेल, पण तिच्या ताटातलं काढून मी काही वाचवत नाही. तिच्यासाठी दूध वेगळं येतं. दोन वेळा पालकाचा रस देते, नाक धरून प्यावा लागतो, तरी पाजते. तिला भूकच नाही. घास तोंडात तसाच ठेवते.

खोटं बोलून काय करू, मावशी, मला भीती वाटते. चालता चालता पडते. मागच्या आठवड्यात चार वेळा ओकली. डॉक्टरकडे नेलं, गर्दी होती, त्यांनी हिरड्या बघितल्या, ‘रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या द्या,’ म्हणाले आणि लाल औषध दिलं. मी म्हटलं, भाज्या तर देतेच. म्हणाले, ‘वाढवा.’

आणि एक विचित्र होतंय. बटाट्याला काय म्हणतात ते तिला आठवेना. बोटाने दाखवत राहिली आणि मग चिडून रडली. परवा तुमचा फोटो दाखवला, तर ‘कोण?’ म्हणाली. हे म्हणाले, लाडात आलीय.

ह्यांचं मन थाऱ्यावर नाही. कामावरून आले की अंगणाच्या दारात उभे राहतात आणि परत आत येतात.

तुमची


१८ जुलै

बाई,

चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय. वही काढून बघितली. जानेवारीत, तुमच्या लग्नाआधी, मी गुंडीचा शेवटचा फ्रॉक शिवला तेव्हा छाती साडेबावीस होती. मनगट चार. पोरं वाढतात, बाई. आटत नाहीत.

तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही तिच्या आई नाही, एवढंच म्हणते. आईचं पोर असं आटलं असतं तर तिने अंगणात टोमॅटो लावले नसते.

जावयाला वेगळं पत्र टाकलंय. पोरीला माझ्याकडे आणून सोडा. फ्रॉक शिवलेला नाही. अंगात भरल्याशिवाय शिवणार नाही.

गुंडीची आजी


३० ऑगस्ट

मावशी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. राग धरून नाही. ह्यांनी तुम्हाला तार केली होती, ‘गुंडी दवाखान्यात, येऊ नका,’ एवढीच. तुमचे पाय सुजलेत, प्रवास झेपणार नाही, म्हणून ‘येऊ नका’ मीच घालायला लावलं. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडीला झटका आला. मी रस काढत होते. धप्प आवाज झाला. बघते तर स्वयंपाकघराच्या दारात पडलीय, डोळे वर, दात घट्ट आवळलेले, हातपाय ताठ. पोस्टमनीण धावत आली, तिनेच रिक्षा आणली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत आणखी दोनदा आला.

तीन दिवस डॉक्टरांना काही कळेना. मग एक तरुण डॉक्टरीण आली. तिने हिरड्यांवरची निळसर रेघ बघितली. रक्त दुसऱ्या शहरात तपासायला पाठवलं. पाच दिवसांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे कुणी बॅटऱ्यांचं काम करतं का? शिसं वितळवणं वगैरे?’

मी म्हटलं, ‘नाही हो. हे मेकॅनिक आहेत, पण बसचे.’

ती म्हणाली, ‘मुलीच्या अंगात शिसं भिनलंय. खूप. मेंदूपर्यंत गेलंय. कुठून जातंय ते कळल्याशिवाय तिला घरी नेता येणार नाही.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे फरशीकडे बघत होते. मावशी, त्या क्षणी मला कळलं. काय ते नाही कळलं, पण ह्यांना ठाऊक आहे हे कळलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, ‘काय आहे त्या अंगणात?’

‘तिथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘डेपोतल्या बाद बॅटऱ्या मीच टेम्पोने नेऊन टाकायचो. आतलं शिसं काढून भट्टीत वितळवायचे. रिकाम्या पेट्या तिथेच पुरायचे.’

माझ्या फुकटच्या कुंड्या, मावशी. एकवीस.

मी म्हटलं, ‘आणि मला सांगितलं नाहीत?’

‘बंद होऊन सात वर्षं झाली होती. मालक म्हणाला, वर नवी माती टाकलीय. तिथे काम करणाऱ्यांची पोटं दुखायची, ते ठाऊक होतं. पण मला वाटलं, ते भट्टीच्या धुराने. मातीत राहत असेल असं नाही वाटलं.’

‘मग पेट्या फेक का म्हणालात?’

 मग म्हणाले, ‘तू एवढी खूश होतीस.’

आयुष्यात मला कुणी इतकं वाईट उत्तर दिलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी माती, पालक, पेट्या, सगळ्याचे नमुने नेले. वरची नवी माती वीतभरच होती. खालची सगळी विषारी. पालक तिच्यात वाढलेला, वर पानांना चिकटलेली धूळ, शिवाय पोरगी दिवसभर मातीत, हात तोंडात. मी रोज दोन वेळा रस काढून, नाक धरून, पाजला.

रक्तातलं शिसं काढायची इंजेक्शनं दिली. एकोणीस दिवस. आता झटके थांबलेत. चालते, भिंतीला धरून. आम्ही ते घर सोडलं, दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतलीय. अंगणाला कुलूप लावून किल्ली मालकाच्या अंगावर फेकली.

तुम्ही लिहिलं होतं की मी तिची आई नाही. बरोबर होतं ते.

तुमची म्हणण्याचा हक्क राहिला नाही


८ सप्टेंबर

पोरी,

आजपासून ‘तुम्ही’ बंद. एवढं झाल्यावर अहोजाहो करायला मी काही तुझ्या दुकानात आलेली नाही.

तुझं पत्र तीन दिवस मशीनच्या फळीवर ठेवून बसले. तू सगळा दोष स्वतःकडे घेतलास आणि थोडा जावयाला दिलास. माझ्या वाट्याचा मुद्दाम वगळलास. मी म्हातारी असले तरी आंधळी नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तू नुसती भाजी लावणार होतीस. ‘हातभर खोल खणा, खालची माती वर येऊ द्या,’ हे मी लिहिलं. ‘माती खाते, बाऊ करू नका,’ हेही मीच. पोट दुखतं म्हणालीस तर ‘पालक चालू ठेवा, रस काढून द्या.’ माझ्या लेकीची लेक मी पोस्टाने मारायला निघाले होते, आणि वर तुलाच नावं ठेवली. ते वाक्य मी लिहिलं, आईचं पोर असतं तर वगैरे. ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. कागदावर लिहिलेलं उसवता येत नाही, कापडाचं बरं असतं.

जावयाला काय म्हणू? त्याने माझ्या लेकीचं आजारपण काढलं, एकदाही कुरकुर केली नाही. गप्प राहणं हा त्याचा गुणच आहे असं मी सगळ्यांना सांगायचे. तू त्याच्याजवळ राहावंस की नाही, ते मी सांगणार नाही.

पण दुसरं एक विचारते. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात पोस्टमनची बायको धावत आली, रिक्षा आणली, इथपर्यंत आहे. पुढे तिचा शब्द नाही. दर दोन दिवसांनी जुडी देत होतीस ना तिला? आणि तिच्या पोटात पोर आहे.

तिला सांगितलंस का?

तुझी मावशी


२५ सप्टेंबर

मावशी,

नव्हतं सांगितलं.

तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. दवाखान्यातून एकदा सामान न्यायला गेले होते, तेव्हा ती दारात उभी होती. ‘गुंडी कशी आहे? काय निघालं?’ मी म्हटलं, ‘ताप डोक्यात गेला.’ ती म्हणाली, ‘तुझा पालक मी काढून घेतला गं, वाळून गेला असता. चालेल ना?’ आणि मी, मावशी, ‘चालेल’ म्हणाले. घाई होती, रिक्षा उभी होती, असं स्वतःला सांगत रिक्षात बसले. नंतर घर बदललं, म्हटलं आता तर तिला पालक मिळणारच नाही, कशाला उगाच घाबरवा. रोज असं काहीतरी सापडायचं. तेव्हा मला ह्यांचं गप्प राहणं कळलं. माणूस खोटं बोलत नाही, फक्त उद्या सांगू म्हणतो.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी गेले. ती पायांखाली उशी घेऊन बसली होती, सातवा लागलाय. समोर बाळाची दुपटी. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अंगण, पेट्या, शिसं, पालक. 

मग म्हणाली, ‘किती दिवस झाले तुला कळून?’

‘महिना होऊन गेला.’

‘महिना.’ तिने दुपटं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. ‘तू जुडी दारात ठेवून जायचीस ना, तेव्हा मी सासूला म्हणायचे, अशी शेजारीण नशिबाने मिळते.’

मग म्हणाली, ‘जा आता तू.’

मी म्हटलं, ‘दवाखान्यात मी घेऊन जाते तुला. डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. उद्या सकाळी सात वाजता...’

‘जा म्हटलं ना.’

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. ती आली. नवरा सोबत होता. दोघं पुढे चालले, मी दहा पावलं मागे. दवाखान्यात मी खिडकीवर नंबराची चिठ्ठी काढून दिली, तिने ती घेतली, माझ्याकडे न बघता. रक्तात निघालं. गुंडीइतकं नाही, पण निघालं. बाळापर्यंत किती पोचलं हे बाळ झाल्यावरच कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता दर आठवड्याला तपासायला जायचं. दर आठवड्याला मी चिठ्ठी काढून ठेवते. ती घेते. अजून बोललेली नाही.

मालकाने घर रंगवायला काढलं होतं, नवीन भाडेकरू बघत होता. इथल्या मातीत शिसं आहे, असा डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद मी दारावर चिकटवला. त्याने फाडला. मी दुसरा चिकटवला. पुस्तकबांधणीची खळ आहे, मावशी, सहज निघत नाही. आता हेही माझ्यासोबत येतात. परवा गल्लीतल्या लोकांसमोर उभे राहून ह्यांनी सांगितलं, ‘बॅटऱ्या मीच आणून टाकल्यात इथे, मला माहीत आहे खाली काय आहे.’ एका दमात एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. एकाने त्यांच्या कानाखाली मारली. हे तसेच उभे राहिले. मी त्यांच्याजवळ राहायचं की नाही हे ठरवलेलं नाही. सध्या गुंडीला सांभाळायला दोन माणसं लागतात, म्हणून राहतेय.

गुंडीचं आता लिहिते, शेवटपर्यंत टाळत होते. डॉक्टरीणबाईंनी काल समोर बसवून सांगितलं, जे गेलं त्यातलं बरंचसं परत येणार नाही. शिकेल, पण हळू. शाळा वेगळी बघावी लागेल. सध्या तिच्याकडे सात-आठ शब्द आहेत. ‘पाणी’ आहे, ‘बाबा’ आहे, ‘नको’ आहे. ‘काकू’ गेला. मला काही म्हणत नाही, पदर ओढते. केस विंचरताना मी अजून गोष्ट सांगते. आता पळत नाही. ऐकते की नाही, कळत नाही.

तुम्ही येते म्हणून ह्यांना निरोप दिलात. या. पाय सुजतात तर बसच्या पुढच्या सीटवर बसा, हे डेपोत सांगून ठेवतील. मी स्टँडवर येईन, गुंडीला कडेवर घेऊन. तुम्हाला बघून ती कदाचित माझ्या मानेत तोंड खुपसेल, कदाचित रडेल. परक्या माणसांना बघून तशीच करते.

तुम्ही तिला लगेच हाक मारू नका, मावशी. आधी थोडा वेळ नुसत्या शेजारी बसा.

तुमची